सरड्याची धाव काचेपर्यंत

शॅमेलिऑनसाठी पिंजरा जाळीचा घ्यावा की काचेचा, हा वाद पाळणाऱ्यांमध्ये कित्येक वर्षे चालू आहे. अमेरिकेतले बहुतेक जण जाळीच्या बाजूचे, जर्मनी आणि झेकियाकडचे बरेच जण काचेच्या. दोन्हीकडचे प्राणी धडधाकट असतात, अंडी घालतात, त्यांची पिल्ले वाढतात; त्यामुळे कोणीच हरत नाही. मला विचाराल तर ही मंडळी पिंजऱ्यावर भांडतच नाहीत. फ्लोरिडातल्या माणसाच्या घराबाहेर दमट उकाडा असतो, त्याला पिंजऱ्यात हवा खेळती हवी असते. म्युनिकमधल्या माणसाच्या खोलीत हिवाळाभर हीटर चालू असतो, त्याला पेटीतली ऊब आणि ओल धरून ठेवायची असते. जो तो आपल्या घरातल्या हवेवरचा तोडगा साऱ्या जगाला सांगतो आहे.

मग आपल्याकडच्या माणसाने कोणाचे ऐकायचे? आपल्याकडे तर एकाच खोलीत वर्षभरात तीन निरनिराळ्या हवा येऊन जातात. म्हणून जरा कठीण जागा घेऊन बघू. समजा, काशीला दशाश्वमेध घाटामागच्या एखाद्या गल्लीत, जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर हा पिंजरा ठेवायचा आहे. मराठी माणसाला हा घाट परका नाही. तो १७४८ च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी नव्याने बांधून घेतला, आणि जवळच अहिल्याबाईंच्या नावाचा घाट आहे. पण आपल्याला इथे काम आहे ते हवेशी.

मे महिन्यात काशीचा पारा दुपारी ४० अंशांच्या वर असतो, वाईट दिवशी ४५ ला टेकतो. लू वाहते, आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. जुलै-ऑगस्टात तापमान ३२-३३ अंशांवर उतरते, पण आर्द्रता ८० ते ९० टक्के; कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. जानेवारीत पहाटे ८-९ अंश आणि असे धुके, की घाटावरून पलीकडची वाळू दिसत नाही. कधी कधी सलग काही दिवस ऊनच पडत नाही. नागपूरकराने यातला उन्हाळा ओळखावा, रत्नागिरीकराने पावसाळा. पुणेकराला प्रत्येकातले थोडे थोडे मिळते.

आता ज्याला ठेवायचे त्याच्याकडे वळू. मराठीत शॅमेलिऑनला सरडगुहिरा म्हणतात. कुंपणावर मान हलवणारा बागेतला सरडा तो हा नव्हे. याच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्करमध्ये. पाळीव म्हणून जगात सर्वाधिक दिसतात त्या तीन: येमेन आणि सौदीच्या नैर्ऋत्य डोंगरांतला, डोक्यावर उंच तुरा असलेला ‘व्हेल्ड’, मादागास्करच्या किनाऱ्यावरचा रंगीबेरंगी ‘पँथर’, आणि केनिया-टांझानियाच्या थंड डोंगरांतला तीन शिंगांचा ‘जॅक्सन’. गावे वेगळी असली तरी तिघांची दिनचर्या सारखी आहे. रात्र गार आणि ओलसर. पहाटे पानांवर दव. मग उन्हात शेकणे, दुपारी पानांच्या सावलीत जाणे, आणि दिवसभर अंगावरून वाहणारा वारा. भांड्यातले स्थिर पाणी यांना सहसा उमगत नाही. पानावरून ओघळणारा थेंब दिसला की जीभ बाहेर येते.

या दिनचर्येत वाऱ्याला फार महत्त्व आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांना आपल्यासारखा श्वासपटलाचा स्नायू नसतो, त्यामुळे छातीत साठलेला कफ जोरात खोकून टाकणे त्यांना जमत नाही. कोंदट, उबदार, सतत ओल्या हवेत जंतू आणि बुरशी वाढतात, फुप्फुसाला संसर्ग होतो आणि तो आतच मुरतो. प्राणी मान वर करून तोंड उघडे ठेवू लागतो, तोंडाशी बुडबुडे दिसतात, श्वास घेताना टकटक असा आवाज येतो. मात्र फार उकडले तरी तो तोंड उघडतो, हेही लक्षात ठेवावे. उन्हातून सावलीत नेल्यावर तोंड मिटले तर उकाडा होता. गार जागेतही उघडेच राहिले तर डॉक्टर गाठावा, आणि तोही सरपटणारे प्राणी जाणणारा.

परदेशी पाळणाऱ्यांचे जाळीकडे मन वळले ते या कोंदटपणाच्या भीतीनेच. जंगलातून पकडून आणलेले शॅमेलिऑन माशांच्या जुन्या काचटाकीत ठेवले जात आणि काही महिन्यांत मरत. टाकी फक्त वरून उघडी असते. तळाशी दमट हवा बसून राहते, वरची हवा वरच फिरते. आपल्याकडे आजही हौशी माणूस आधी हीच टाकी बाहेर काढतो, कारण ती माळ्यावर पडलेली असते. जाळी-काचेच्या वादात काही ठरो वा न ठरो, माशांची टाकी बाद आहे.

पण ‘काच’ म्हणजे फक्त टाकी नव्हे. युरोपातल्या चांगल्या काचपेटीला समोर खालच्या बाजूला हवेची लांब फट असते आणि वरचे झाकण जाळीचे असते. दिव्याने तापलेली हवा वरून निघून जाते, तिच्या जागी खालच्या फटीतून ताजी हवा ओढली जाते. पंखा न लावता हवा फिरत राहते. दशाश्वमेधला हे वेगळे समजावून सांगायला नको. घाटाला लागूनच मानमंदिर आहे: आमेरच्या राजा मानसिंगाने १६०० च्या सुमारास बांधलेला वाडा. त्याच्या दगडी झरोक्यांतून नदीवरची हवा आत येते. काशीतल्या जुन्या घरांतही गल्लीकडून गार हवा शिरते आणि मधल्या चौकातून तापलेली हवा वर निघून जाते. काचपेटीची ती फट आणि ते झाकण या घराच्याच तत्त्वावर चालतात, इतकेच की शॅमेलिऑनच्या पेटीत उष्णता चुलीऐवजी दिव्याची असते.

आता एकेक ऋतू घेऊ, आणि इथे थोडे गणित करावे लागेल, कारण आर्द्रतेच्या आकड्याइतका फसवा आकडा दुसरा नाही. जानेवारीत घाटावर धुके आहे, ९ अंश तापमान, ९५ टक्के आर्द्रता. खिडकी उघडून तीच हवा खोलीत घेतली आणि दिव्याने २२ अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता उरते जेमतेम ४० टक्के. बाहेर ओथंबलेली हवा आत येऊन कोरडी होते. याउलट मे महिन्यातल्या दुपारची ४२ अंश, २० टक्क्यांची हवा प्रत्यक्षात जानेवारीच्या धुक्यापेक्षा जास्त बाष्प बाळगून असते. ती ३० अंशांपर्यंत निवली की आर्द्रता पुन्हा ४० टक्क्यांजवळ येते. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने हाच हिशेब उणे ५ अंशांच्या हवेने करून पाहावा. बाहेर ७० टक्के आर्द्रता असली तरी २१ अंशांना तापवलेल्या दिवाणखान्यात ती १२ टक्क्यांवर येते. तिथे उघड्या जाळीचा पिंजरा ठेवणे म्हणजे प्राणी सुकत घालणे. ‘जाळीच घ्या’ हा सल्ला ज्या अमेरिकेतून येतो, त्याच अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यात तो लागू पडत नाही.

काशीचा पावसाळा मात्र निर्विवादपणे जाळीचा. बाहेरची हवाच ८५ टक्के ओली असते, धरून ठेवण्यासारखे काही नसते. अशा दिवसांत काचपेटीत फवारा मारला तर काचेवरचे पाणी दुपारपर्यंत उतरत नाही, कुंडीतल्या मातीवर पांढरी बुरशी चढते, आणि दमट उबेत रात्रंदिवस बसलेला प्राणी आजारी पडतो. जाळीतली पाने तासाभरात सुकतात, आणि सुकायलाच हवीत. फवाऱ्यांच्या मधल्या वेळी पिंजरा कोरडा होणे ही चांगल्या पिंजऱ्याची खूण आहे.

मे महिनाही जाळीचाच, पण अटींवर. इथे खोली गार ठेवणे हे खरे काम. काशीत ते कूलर करतो, आणि कोरड्या लूमध्ये कूलर फार चांगले काम करतो. त्याचा गारवा जाळीतून आत पोहोचतो, काचेतून नाही. फक्त कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. तो भिंतीवर सोडावा. व्हेल्ड किंवा पँथरला शेकायच्या फांदीवर २९ ते ३२ अंश पुरतात, बाकी पिंजरा २२ ते २७ च्या आसपास हवा. खोलीच ३५ वर असेल तर शेकण्याचा दिवा बंदच ठेवावा. परदेशी पुस्तकात ‘दिवा रोज बारा तास’ असे लिहिलेले असते, ते लिहिणाऱ्याने मे महिन्यातले बनारस पाहिलेले नसते.

हिवाळ्यात जाळी हरते. दगडी घरात पहाटे १२-१३ अंश असतात आणि दिव्याची ऊब जाळीतून कुठल्या कुठे जाते. शॅमेलिऑनला रात्रीचा गारवा हवाच असतो, १५ ते १८ अंश त्याला मानवतात, जॅक्सनला त्याहून कमीही चालते. पण दिवसा ऊब मिळाली नाही तर पोटातले अन्न पचत नाही. थंडीने तो काळपट पडतो. गडद रंग उष्णता जास्त शोषतो, म्हणून तो तसे करतो. रंग बदलण्यामागे कातडीतल्या ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांची मांडणी असते, हे २०१५ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनवर दाखवून दिले. आजूबाजूच्या रंगात मिसळण्यासाठी तो रंग बदलतो ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे, की तिच्यावरून राजकारण्यांना नावे ठेवली जातात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण असते तापमान, भीती किंवा समोरचा दुसरा नर.

दुसरा नर म्हटल्यावर काचेवरचा एक जुना आक्षेप आठवतो: प्रतिबिंब. आतला दिवा तेजस्वी आणि खोली अंधारी असली की काचेत आतून आरसा दिसतो. शॅमेलिऑन एकलकोंडा, हद्दीचा पक्का. आपल्याच प्रतिबिंबावर तो फुगतो, रंग चढवतो, काचेवर पंजे मारत राहतो. सगळेच असे करत नाहीत, आणि आक्षेप थोडा फुगवलेलाही आहे. मागच्या आणि बाजूच्या काचेला बाहेरून कागद चिकटवला, आत मनी प्लांट आणि जास्वंद दाट लावले की पुष्कळ काम होते. जास्वंदीची पाने व्हेल्ड आवडीने खातो. घाटावर फुलांच्या टोपल्यांतून सहज मिळणारी कण्हेर मात्र विषारी आहे, ती पिंजऱ्याजवळही नको.

काचेचा त्याहून मोठा दोष उन्हाशी जोडलेला आहे. शॅमेलिऑनच्या कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार व्हायला २९० ते ३१५ नॅनोमीटरची अतिनील किरणे लागतात. ती नसतील तर कॅल्शियम हाडांत बसत नाही, पाय धनुकलीसारखे वाकतात, फांदीवरची पकड सुटते. साधी काच ही किरणे जवळजवळ पूर्ण अडवते. खिडकीच्या काचेआडचे ऊन डोळ्यांना लख्ख दिसते, हाडांच्या दृष्टीने ते अंधारासारखे. जाळीही थोडा हिस्सा खाते, बारीक जाळी तर बराच. म्हणून दिवा किती अंतरावर लावायचा हे जाळी पाहून ठरते. हा प्राणी आपली गरज स्वतः ओळखतो ही त्यातली गमतीची बाब. आहारातून ‘ड’ जीवनसत्त्व कमी मिळालेले पँथर शॅमेलिऑन अतिनील प्रकाशात जास्त वेळ बसतात आणि भरपूर मिळालेले टाळतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात दिसले. म्हणजे पिंजऱ्यात ऊन आणि सावली दोन्ही हवीत. निवड त्याची त्याला करू द्यावी.

इथे घाटावरचा एक गोड गैरसमज आड येतो. दशाश्वमेध पूर्वाभिमुख आहे, सूर्य समोरच्या वाळूमागून उगवतो, आणि कोवळे ऊन सगळ्यात गुणकारी असे आपण लहानपणापासून ऐकलेले असते. उगवतीच्या उन्हाने ऊब मिळते, पण त्यात ही किरणे नगण्य असतात; तिरपा प्रकाश वातावरणाचा जाड थर ओलांडून येतो आणि ती वाटेत गाळली जातात. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात मानमंदिराच्या गच्चीवर जी वेधशाळा उभारली तिच्यावर सूर्याची उंची मोजता येई. जूनच्या उत्तरार्धात काशीत भरदुपारी सूर्य ८८ अंशांवर, जवळपास डोक्यावर असतो, जानेवारीच्या मध्यात मात्र ४४ अंशांच्या आसपासच चढतो. त्यामुळे गच्चीवर न्यायचे तर उन्हाळ्यात सकाळी आठ-नऊला, हिवाळ्यात अकरानंतर, अर्ध्या सावलीत, आणि फक्त जाळीत. उन्हात ठेवलेली काचपेटी काही मिनिटांत भट्टी होते आणि आतल्या प्राण्याला पळायला जागा नसते. काच की जाळी या वादात बाकी सगळे तडजोडीचे मुद्दे आहेत, हा एक नाही.

गच्ची म्हटली की काशीत माकडे आली. घाटांवरची माकडे कुलूप नसलेली कोणतीही वस्तू उघडतात आणि असलेली उचकटतात. मच्छरदाणीची नायलॉन जाळी त्यांच्यापुढे काहीच नाही. खाद्य म्हणून सोडलेले रातकिडेसुद्धा ती कुरतडून बाहेर पडतात. ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकचा लेप दिलेली पोलादी जाळी घ्यावी, भोके नखे अडकणार नाहीत एवढी, आणि गच्चीवर पिंजरा एकटा सोडून खाली जाऊ नये. शिवाय दशाश्वमेधचे आणखी एक: रोज संध्याकाळी गंगा आरतीचा धूप, कापूर आणि मोठे ध्वनिक्षेपक. शॅमेलिऑनला बाहेर कान नसतात, पण ठोक्याची कंपने त्याला जाणवतात, आणि धूर तर जाळीतून सरळ आत येतो. नदीकडची खोली कितीही देखणी असो, त्याच्यासाठी मागच्या बाजूची बरी.

तर या घरासाठी माझा निकाल असा. दोन फूट रुंद, दोन फूट खोल, चार फूट उंच जाळीचा पिंजरा, टेबलावर ठेवलेला, म्हणजे वरची फांदी माणसाच्या डोळ्यांच्या वर येईल. खालून पाहणाऱ्याला शॅमेलिऑन कमी घाबरतो. तळाला पाणी निघून जाईल असा ट्रे. वरचे छत आणि पुढचे दार कायम जाळीचे. बाकीच्या तीन बाजूंना नोव्हेंबरअखेर पारदर्शक प्लास्टिकचे किंवा ॲक्रिलिकचे पत्रे लावायचे, ते होळीनंतर काढायचे. पुढच्या दाराच्या खालच्या भागातून हवा येते, छतातून जाते, म्हणजे हिवाळ्यापुरती ती हवेशीर काचपेटीच झाली. दिवा छताच्या जाळीपासून सात-आठ इंच वर टांगावा, कारण शॅमेलिऑन छताला उलटा लटकतो आणि दिव्याला तुरा भाजून घेतो. आर्द्रतामापक एक वर आणि एक खाली. रात्री थंडीत बारीक धुके सोडणारे यंत्र लावले तर उत्तम, उन्हाळ्याच्या गरम रात्री नको. गार आणि ओले चालते, गरम आणि ओले चालत नाही. हाच पिंजरा रत्नागिरीत बिनपत्र्यांचा वर्षभर चालेल. पुण्यात पत्रे डिसेंबर-जानेवारीपुरते लागतील, आणि नागपुरात काशीचेच वेळापत्रक. अहोरात्र वातानुकूलित खोली असेल तर मात्र हवेशीर काचपेटी सरस, कारण एसी हवेतली ओल शोषतो. एका पिंजऱ्यात एकच प्राणी, हे सगळीकडे.

इतके वाचून कोणाला झाडावरचा आपला देशी शॅमेलिऑन घरी आणावासा वाटला, तर त्याच्यासाठी जाळीही नाही आणि काचही नाही. गंगेच्या दक्षिणेकडच्या भारतात आणि श्रीलंकेत आढळणारा हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे, घरात ठेवणे गुन्हा आहे. परदेशी जातींची गोष्ट वेगळी, पण मोकळी नाही. शॅमेलिऑनच्या जवळपास सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ करारात येतात. वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. असा प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करायची असते. विक्रेता कागद दाखवत नसेल तर तो प्राणी बहुधा कोणाच्या तरी बॅगेतून आलेला आहे, असे समजून परत फिरावे.

प्राणी वाढवण्यापेक्षा त्याच्या भोवतालची हवा-पाणी सांभाळणे अवघड, हे याच घाटाने पाहिले आहे: दशाश्वमेधासमोरच्या पाण्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचा एक सरकारी प्रयोग होऊन गेला आहे. १९८९ मध्ये रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सात किलोमीटरचा प्रवाह कासवांचे अभयारण्य ठरला. सारनाथला अंडी उबवून वाढवलेली पिल्ले तिथे सोडली जात, अर्धवट जळालेली प्रेते खाऊन त्यांनी नदी साफ करावी या अपेक्षेने. २०२० मध्ये अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. कासवे वाढवणे सारनाथच्या हौदांत जमले होते. ज्या पाण्यात ती सोडली त्याची हमी कोणाला देता आली नाही.

शेवटी पुन्हा आपल्या देशी शॅमेलिऑनकडे. त्याला महाराष्ट्रात विषारी समजून ठेचले जाते, पावसाळ्यात संथपणे रस्ता ओलांडताना तो गाडीखाली येतो. त्याला विष नसते. रस्त्यात दिसला तर गाडी थांबवा, त्याला काडीवर चढू द्या आणि ज्या बाजूला निघाला होता त्या बाजूच्या झुडपावर सोडा. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.